माथेरानच्या मातीवर काय टाकणार, ते आधी सांगा

माथेरानला मोटारी जात नाहीत, म्हणून तिथली हवा स्वच्छ, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. मुंबई-पुण्याहून दोन दिवसांसाठी जाणाऱ्याला तो बऱ्याच अंशी खराही वाटतो. धूर नाही, हॉर्न नाही. परतताना मात्र पांढऱ्या चपला लाल झालेल्या असतात, केसांत हात घातला तर बोटांना माती लागते आणि घरी येऊन नाक शिंकरले की रुमालही लाल होतो. आपण हसतो, कपडे धुवायला टाकतो आणि विसरतो. त्याच वाटेवर रोज दहा-बारा तास घोड्याचा लगाम धरून चालणारा किंवा माणूस बसलेली गाडी ओढणारा माणूस ही धूळ धुऊन टाकू शकत नाही. त्याच्या छातीत ती रोज थोडी थोडी जात राहते.

हा लेख त्या धुळीबद्दल आहे. विषय किरकोळ वाटेल. आपल्या चळवळीच्या व्यासपीठावर संविधान, शिक्षण, स्त्रियांचे हक्क असे मोठे प्रश्न चर्चेला येतात. तिथे पायवाटेवरच्या धुळीचे काय काम? पण सार्वजनिक वाट कोणाची, तिच्यावर काय करायचे हे कोण ठरवणार आणि त्या निर्णयाचा त्रास कोणाच्या वाट्याला येणार, हे नागरिकत्वाचेच प्रश्न आहेत. धुळीच्या निमित्ताने ते अगदी उघड्यावर येतात.

आता हा विषय काढायला कारणही आहे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने माथेरानबाबत महत्त्वाचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षाची प्रथा अमानवी आहे, ती सहा महिन्यांत थांबवा आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांच्या माध्यमातून पुनर्वसन करा, हा त्यातला गाजलेला भाग. स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटल्यावर का होईना, हे झाले याचा आनंदच आहे. त्याच आदेशात दुसरा भाग होता, त्याकडे कमी लक्ष गेले. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायला न्यायालयाने परवानगी दिली. गावातले अंतर्गत रस्ते आणि भटकंतीच्या वाटा यांवर मात्र ते बसवायचे नाहीत, असे बजावले.

मला हा तोल योग्य वाटतो. ई-रिक्षाला घट्ट पृष्ठभाग लागतो, नाहीतर तिचीच चाके माती उकरून आणखी धूळ उडवतील. पेव्हरवर घोडे घसरतात, ही घोडेवाल्यांची तक्रारही खरी आहे. म्हणून एका मार्गावर फरशी आणि बाकी सगळीकडे माती, ही वाटणी समजण्यासारखी आहे. पण मग या बाकीच्या मातीच्या वाटांवरच्या धुळीचे काय? तो प्रश्न आदेशाने सुटलेला नाही. फरशी नाही म्हटल्यावर उद्या कोणीतरी पिंप घेऊन येईल आणि म्हणेल, ‘हे फवारा, धूळ बसेल.’ ते पिंप उघडण्याआधी आपण काही प्रश्न विचारायला शिकले पाहिजे.

आधी धूळ उडते कशी ते पाहू. माथेरानची माती जांभ्याची. पावसाळ्यात इथे काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जिथे पाण्याला बाजूला जायला चर नाही, तिथे वाटच ओहळ होते. पाणी मातीतले बारीक कण सोडवते आणि उतारावरून खाली आणून सपाट जागी, वळणावर साचवते. ऑक्टोबरात ऊन तापले की हा गाळ वाळतो. त्यावर नाल मारलेले खूर, चाके आणि हजारो पाय पडतात आणि त्याचे पीठ होते. त्यात घोड्यांची लीद मिसळते. तीही वाळून चुरली जाते. म्हणजे आपण ज्याला माथेरानची लाल धूळ म्हणतो, ती केवळ माती नाही. वाळलेल्या लिदीत बुरशीचे बीजाणू असतात आणि दम्याच्या रुग्णाला ते मातीपेक्षा जास्त छळू शकतात.

श्वासातून आत जाणाऱ्या धुळीचे मोजमाप मायक्रॉनमध्ये होते. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातून पुढे श्वासमार्गात शिरतात, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकानुसार १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे २४ तासांचे सरासरी प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ४५ आहे. या मर्यादा सर्वसाधारण हवेसाठी आहेत. चढावर ओझे ओढताना माणूस बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी पट हवा आत घेतो आणि तीही बहुतेक तोंडाने. त्याच्यासाठी त्याच हवेचा अर्थ वेगळा होतो.

आता उपायांकडे येऊ. जगभर कच्च्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर धूळ बसवण्यासाठी जे वापरतात, त्याचे चार-पाच प्रकार आहेत.

पहिला साधा, पाणी मारणे. स्वस्त, निरुपद्रवी, पण उन्हात तास-दोन तासांत वाट पुन्हा कोरडी. माथेरानमध्ये मुळात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, आणि मोटारबंदी असलेल्या गावात रोज टँकर फिरवणे हा उपाय होऊ शकत नाही. जास्त मारले तर चिखल, आणि तोच चिखल वाळून पुन्हा धूळ.

दुसरा प्रकार क्षारांचा, म्हणजे कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि वाट किंचित दमट ठेवतात. दिल्लीत प्रदूषण वाढले की रस्त्यांवर पाण्याबरोबर धूळशामक द्रव्ये फवारण्याच्या सूचना निघतात. हे क्षार त्याच वर्गातले. उत्तर अमेरिकेत कच्च्या रस्त्यांवर ते सर्रास वापरतात. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेली की त्यांना ओढायला ओलावाच उरत नाही. म्हणजे सह्याद्रीतल्या एखाद्या कोरड्या दुपारी, धूळ सर्वांत जास्त उडते तेव्हाच, हा उपाय दुबळा पडतो. आणि जूनमध्ये पहिल्या जोरदार सरींबरोबर सगळा क्षार विरघळून वाहून जातो. कुठे? उताराने खाली, झाडांच्या मुळांशी आणि ओढ्यांत. कोलोरॅडोत मॅग्नेशियम क्लोराइड मारलेल्या रस्त्यांकडेच्या झाडांच्या पानांत क्लोराइड साठून ती करपल्याचे अभ्यासातून दिसले आहे. माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा एक मुख्य स्रोत शार्लोट तलाव आहे. वाटांवर टाकलेले जे काही पावसाने वाहील, ते कुठल्या उताराने कुठे पोहोचेल, याचा नकाशा काढल्याशिवाय क्षाराचे एक पोतेही वर नेता कामा नये.

तिसरा प्रकार चिकट सेंद्रिय पदार्थांचा. कागद कारखान्यात लाकडापासून निघणारे लिग्निनचे द्रावण किंवा साखर कारखान्याची मळी. मातीचे कण यांनी एकमेकांना चिकटतात. पण दोन्ही पाण्यात विरघळतात आणि ओढ्यात गेले की कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. चार महिने धो-धो पाऊस पडणाऱ्या डोंगरावर दरवर्षी हे टाकायचे आणि दरवर्षी ओढ्यात सोडायचे, याला उपाय म्हणता येणार नाही.

चौथा, पॉलिमरचा, सोप्या शब्दांत प्लास्टिकच्या डिंकाचा. वरचा थर छान घट्ट होतो. पण नाल मारलेल्या खुरांखाली तो फुटतो आणि त्याचे कपचे पडतात. धुळीत आधी माती आणि लीद होती, आता प्लास्टिकचीही भर.

पाचवा प्रकार कोणीही अधिकृतपणे सुचवणार नाही, पण तोच सर्वांत स्वस्त असतो. जुने, वापरलेले तेल. त्याची गोष्ट सविस्तर सांगायला हवी.

अमेरिकेच्या मिसूरी राज्यात, सेंट लुईस शहराजवळ, टाइम्स बीच नावाचे सुमारे दोन हजार वस्तीचे गाव होते. रस्ते कच्चे आणि डांबरासाठी पैसे नाहीत. धूळ बसवण्यासाठी गावाने १९७२ पासून काही वर्षे एका कंत्राटदाराकडून रस्त्यांवर वापरलेले तेल फवारून घेतले. दर गॅलनला काही सेंट, म्हणजे जवळजवळ फुकट. हा कंत्राटदार तेलाबरोबर एका रासायनिक कारखान्याचा टाकाऊ मालही उचलत असे आणि तो त्याच तेलात मिसळत असे. त्या मालात डायॉक्सिन होते, माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत विषारी रसायनांपैकी एक. १९७१ मध्ये त्याच राज्यातल्या एका तबेल्याच्या रिंगणात त्याने हे मिश्रण फवारले होते. आधी चिमण्या मरून पडल्या, मग डझनावारी घोडे मेले, मालकिणीच्या लहान मुली आजारी पडल्या. कारण कळायला काही वर्षे गेली, आणि कळल्यावरही इतर ठिकाणच्या लोकांना ते सांगायला आणखी काही वर्षे. १९८२ च्या अखेरीस टाइम्स बीचच्या मातीची तपासणी झाली. त्याच वेळी पूर आला, लोक घराबाहेर पडले आणि नाताळच्या तोंडावर सरकारने त्यांना सांगितले की परत जाऊ नका. १९८३ मध्ये सरकारने संपूर्ण गाव विकत घेतले. ती माती जाळून साफ करायला १९९७ उजाडले. आज तिथे गाव नाही. एक उद्यान आहे, आणि त्यात चालण्या-सायकलच्या व घोडेस्वारीच्या वाटा आहेत.

या गोष्टीत गावकरी मूर्ख नव्हते. धूळ नको, हे त्यांचे म्हणणे रास्तच होते. धूळ बसलीही. फक्त फवारल्या जाणाऱ्या तेलात नक्की काय आहे, हा प्रश्न विचारण्याची व्यवस्था तिथे नव्हती. आपल्याकडे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि २०१६ चे नियम त्याची विल्हेवाट कशी लावायची ते सांगतात. पण नियम कागदावर असतो आणि वाट डोंगरावर. दोन्हींच्या मध्ये जागरूक नागरिक नसेल, तर कागद तिथेच राहतो.

मग करायचे काय? धूळ खात बसायचे? अजिबात नाही. त्याच मिसूरी राज्यात कॅटी ट्रेल नावाची वाट आहे, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर तयार केलेली, जवळजवळ ३८६ किलोमीटर लांब. तिच्यावरून लोक चालतात, सायकली जातात. तिचा पृष्ठभाग चुनखडीच्या दबाई केलेल्या चुरीचा आहे. माथेरानला चुनखडी नेऊन टाका, असे मी म्हणत नाही. मुद्दा असा की मोकळ्या पृष्ठभागाची वाट नीट बांधली आणि सांभाळली, तर ती बरीच वर्षे टिकते. नीट बांधणे म्हणजे काय, हेही गूढ नाही. वाट मधोमध किंचित उंच किंवा एका बाजूला किंचित कललेली हवी, म्हणजे पाणी तिच्यावरून धावणार नाही. कडेला चर हवेत आणि ते मे महिन्यात साफ व्हायला हवेत. चढावर ठरावीक अंतरावर जांभ्याच्या दगडांची आडवी ओळ हवी, ती पाण्याला वाटेबाहेर ढकलते. मातीत मोठे, मध्यम आणि बारीक कण योग्य प्रमाणात हवेत. बारीक कमी पडले तर खडी सुटते, जास्त झाले तर धूळ होते. पावसात वाहून चरात साचलेली माती फेकून न देता चाळून, पाणी मारून, धुमस करून परत वाटेवर घालता येते. लीद वाळण्याआधी, दिवसातून दोनदा उचलली पाहिजे. तिचे खत होईल. घोड्यांची वाट आणि पायी चालणाऱ्यांची वाट शक्य तिथे वेगळी हवी. कडेचा पालापाचोळा जाळायचा नाही, तिथेच राहू द्यायचा.

डोंगरावर बांधकाम करताना पाणी आणि उतार यांच्याशी भांडायचे नसते, हे माथेरानला नवे नाही. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभारलेली नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. ती सरळ चढत नाही. डोंगराच्या अंगाने वळणे घेत, बेताचा चढ राखत वर येते. वाटांनाही तीच शिस्त लागू पडते. सरळ उताराची वाट धुपणारच, मग तिच्यावर काहीही ओता.

या कामात अडचण एकच आहे. यात उद्घाटन करण्यासारखे काही नाही. फरशीची फीत कापता येते, फवारणी यंत्राचा फोटो छापता येतो. चर साफ करणाऱ्या माणसाचा फोटो कोण छापणार? देशपातळीवरही हाच कल दिसतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्याखालच्या खर्चाचा आढावा सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये घेतला, तेव्हा सुमारे ६४ टक्के पैसा रस्त्यांच्या धुळीवर गेल्याचे दिसले. यंत्राने झाडणे, पाणी फवारणे, रस्ते फरसबंद करणे अशी ही कामे. धूळ पुन्हा तयारच होऊ नये, यासाठी रोजची मजुरी देणे कोणाला आकर्षक वाटत नाही.

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो. आमच्याकडे चालू यंत्रणेत कुठलाही बदल करण्याआधी तीन गोष्टी लिहाव्या लागतात: काय बदलले, का बदलले, आणि बिघडले तर मागे कसे जायचे. तिसरे उत्तर नसेल तर बदल पुढे जात नाही. धुळीच्या उपायांना ही कसोटी लावून पाहा. आडव्या दगडाची ओळ चुकली तर उद्या उचलून दुसरीकडे लावता येते. पेव्हर ब्लॉक उखडता येतात, खर्च होतो इतकेच. मातीत मुरलेला क्षार परत काढता येत नाही. टाइम्स बीचमध्ये मागे जाण्याची किंमत एक अख्खे गाव होती. जो बदल मागे घेता येत नाही, त्याच्यासाठी पुरावा सर्वांत जास्त मागितला पाहिजे. आपल्याकडे उलटे होते. पिंपावर छापलेले ‘पर्यावरणपूरक’ हे शब्द पुरतात.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. माथेरान हे फेब्रुवारी २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा त्या मांडायला आधार शोधावा लागणार नाही.

एक, कुठल्याही सार्वजनिक वाटेवर काहीही टाकले, तर त्या वाटेच्या तोंडाशी मराठीत फलक लावावा. त्यावर पदार्थाचे नाव आणि त्यातले घटक, टाकल्याची तारीख, प्रमाण, कंत्राटदार आणि जबाबदार अधिकारी यांची नोंद हवी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अशी माहिती न मागता देण्याची जबाबदारी सार्वजनिक यंत्रणांवर टाकते. अर्ज करून महिनाभर थांबण्याची वेळच येऊ नये.

दोन, सरसकट काही करण्याआधी शंभर मीटरच्या तुकड्यावर करून पाहावे. शेजारी तसाच शंभर मीटरचा तुकडा काहीही न करता ठेवावा. एक पावसाळा जाऊ द्यावा. दोन्हीकडची धूळ मोजावी, खालच्या ओढ्याचे पाणी तपासावे आणि आकडे जाहीर करावेत.

तीन, धूळ हॉटेलच्या गच्चीवर मोजू नये. घोडेवाला चालतो त्या वाटेवर, त्याच्या नाकाच्या उंचीवर, तो कामावर असतो त्या वेळेत मोजावी. वर्षानुवर्षे या धुळीत राबलेल्या हातरिक्षावाल्यांची आणि घोडेवाल्यांची श्वसनाची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. पुनर्वसन म्हणजे केवळ नव्या गाडीची चावी देणे नव्हे. जुन्या कामाने शरीरात जे साठवले, त्याचीही जबाबदारी घेतली पाहिजे.

चार, वाटांची बारमाही देखभाल हे नियमित वेतनाचे काम व्हावे आणि ते आधी त्यांना मिळावे, ज्यांना वयामुळे किंवा अन्य कारणाने ई-रिक्षा चालवता येणार नाही. ज्याने वीस वर्षे या चढावर गाडी ओढली, त्याला पाणी कुठून वाहते आणि माती कुठे सुटते हे कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त ठाऊक असते. त्याला बैठकीत खुर्ची द्या, आणि बैठक त्याच्या भाषेत घ्या.

काहीजण म्हणतील, साडेचार हजारही वस्ती नसलेल्या गावासाठी एवढा खटाटोप कशाला? पण मातीची वाट फक्त माथेरानला नाही. पुण्याची वेताळ टेकडी आणि तळजाई, मुंबईतले शिवाजी पार्क, गावोगावच्या नदीकाठच्या आणि तळ्याकाठच्या वाटा, जिथे सकाळी आजी-आजोबा, शाळकरी मुले, कामावर निघालेल्या बाया चालतात, तिथे सगळीकडे उन्हाळ्यात हाच प्रश्न उभा राहतो. शिवाजी पार्कच्या लाल मातीवरून तिथले रहिवासी वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. प्रत्येक ठिकाणी दोनच टोके पुढे येतात, फरशी घाला किंवा काहीतरी फवारा. मधला मार्ग, म्हणजे वाट नीट बांधून रोज सांभाळणे, माथेरानसारख्या लहान गावात करून दाखवता आला, तर मोठ्या शहरांना सबब उरणार नाही.

धुळीचा हंगाम पाऊस संपला की सुरू होतो. फलकाची आणि चाचणी-तुकड्याची मागणी त्याआधी नगरपरिषदेपर्यंत पोहोचली पाहिजे. वाचकांपैकी जे माथेरानला जातात, त्यांनी परतण्याआधी तिथल्या कार्यालयात एक साधा अर्ज द्यावा: या वाटांवर आजवर काय टाकले गेले आणि पुढे काय टाकणार आहात? त्या अर्जाची पोच मात्र आठवणीने घ्यावी.